बाह्य सॉफ्टवेअर सेवांमधील गुणवत्ताबदलांचा शोध

बाह्य सॉफ्टवेअर सेवांमधील गुणवत्ताबदलांचा शोध ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि उपयोजित संख्याशास्त्र यांच्या सीमेवरील कार्यपद्धती आहे. एखादी सेवा एक संस्था वापरते, परंतु तिचे संचालन, देखभाल आणि अद्ययावतीकरण दुसरी संस्था करते, अशा वेळी त्या सेवेच्या दर्जात झालेला फरक केवळ बाहेरून केलेल्या मोजमापांवरून ओळखणे हा या कार्यपद्धतीचा विषय होय. पैसे स्वीकारण्याची यंत्रणा, नकाशे, क्लाउडवरील साठवण, ओटीपी संदेश पोहोचवणारी सेवा, यंत्रानुवाद आणि अलीकडच्या काळातील भाषा मॉडेले ही अशा सेवांची परिचित उदाहरणे आहेत.

स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती कोणत्या दिवशी बसवली हे ते तयार करणाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे त्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची आकडेवारी शेजारी ठेवली की तुलना पूर्ण होते. बाह्य सेवेबाबत ही तारीखच अज्ञात असते. वापरकर्त्याला आतील आज्ञावली दिसत नाही, नोंदवह्या पाहता येत नाहीत, आणि पुरवठादाराने बदल जाहीर केला नाही तर तो झाला आहे याचीही कल्पना नसते. हाती असते ती फक्त पाठवलेली विनंती आणि मिळालेले उत्तर. तेवढ्यावरून बदल झाला का, केव्हा झाला, आणि तो बिघाड आहे की निव्वळ वेगळेपणा, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तिन्हींसाठी सेवा सुरळीत असतानाची नोंद आधीपासून हाताशी असावी लागते. तक्रार उद्भवल्यानंतर सुरू केलेल्या मोजणीतून आजची स्थिती कळते, पण कालच्या स्थितीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

बदलांचे स्वरूप

सेवा पूर्णपणे बंद पडणे हा शोधण्यास सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण तो लपत नाही. अंशतः बिघाड मात्र सरासरीत विरघळून जातो. एकाच प्रदेशातील, एकाच बँकेच्या किंवा एकाच भाषेतील विनंत्या अयशस्वी होत असतील, तर एकूण यशाचे प्रमाण जेमतेम हलते. ज्यांच्या वाट्याला तो बिघाड येतो त्यांच्यासाठी सेवा बंदच असते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे उत्तर वेळेवर येते, त्रुटीचा संकेतही नसतो, परंतु उत्तराचा आशय घसरलेला असतो.

पुरवठादाराने केलेली सुधारणाही काही ग्राहकांसाठी बिघाड ठरू शकते. गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'हायरमच्या नियमा'चा आशय असा की, सेवेचे वापरकर्ते पुरेसे वाढले की तिच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर, मग ते करारात नमूद असो वा नसो, कोणीतरी विसंबून असतेच. उत्तरातील नोंदींचा क्रम, त्रुटीसंदेशाची शब्दरचना, एवढेच काय पण सेवेचा संथपणा यांवरही कोणाचे तरी सॉफ्टवेअर नकळत टेकलेले असू शकते.

मोजमापे

उपलब्धता हे सर्वांत जुने आणि करारांत हमखास आढळणारे मोजमाप आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन म्हणजे सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्के म्हटल्यास ही मुभा सव्वाचार मिनिटांच्या आसपास येते. ही ४३ मिनिटे पहाटे तीनला आली की सायंकाळी सातला, याचा हिशेब या टक्केवारीत नसतो.

प्रतिसादवेळ मोजताना सरासरीवर विसंबल्यास हमखास दिशाभूल होते. १०० विनंत्यांपैकी ९८ विनंत्यांना ०.१ सेकंद आणि दोन विनंत्यांना प्रत्येकी ५ सेकंद लागले, तर सरासरी सुमारे ०.२ सेकंद येते. म्हणजे एकाही वापरकर्त्याला प्रत्यक्षात न आलेला अनुभव सरासरी सांगते. म्हणून मध्यक आणि त्यासोबत ९५वे व ९९वे शतमक पाहण्याची पद्धत रूढ झाली. वरील उदाहरणात मध्यक ०.१ सेकंद, तर ९९वे शतमक ५ सेकंद आहे. टोकाच्या या थोड्या विनंत्या नगण्य का मानता येत नाहीत, हे जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मधील एका लेखात दाखवले. एखादे पान तयार करण्यासाठी १०० सर्व्हरांकडून उत्तरे गोळा करावी लागत असतील आणि प्रत्येक सर्व्हर १०० पैकी केवळ एका वेळी एक सेकंदाहून अधिक वेळ घेत असेल, तरी सुमारे ६३ टक्के पाने एका सेकंदापेक्षा उशिरा तयार होतात.

अयशस्वी विनंत्यांचे प्रमाण मोजताना अपयशाचे कारण वेगळे काढावे लागते. भारतातील यूपीआय व्यवस्थेत हा भेद ठळकपणे दिसतो. ही व्यवस्था चालवणारे, मुंबईत मुख्यालय असलेले राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, बँकनिहाय मासिक आकडेवारी प्रसिद्ध करते आणि तीत नाकारलेल्या व्यवहारांची विभागणी 'टेक्निकल डिक्लाइन' आणि 'बिझनेस डिक्लाइन' अशी असते. बँकेची किंवा महामंडळाची यंत्रणा अनुपलब्ध असल्याने व्यवहार फसला तर तो पहिल्या प्रकारात मोडतो. ग्राहकाने चुकीचा पिन टाकला, खात्यात शिल्लक नव्हती किंवा मर्यादा ओलांडली गेली तर तो दुसऱ्या प्रकारात जातो. दुकानातील गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या ग्राहकाला दोन्ही वेळी दिसते ते 'व्यवहार अयशस्वी' एवढेच. पण महिनाअखेरीस दुसऱ्या प्रकारचे प्रमाण वाढले म्हणून सेवा बिघडली असा निष्कर्ष काढणारे ॲप निष्कारण घबराट पसरवील. उलट दिशेनेही सावधगिरी हवी. पिन टाकण्याच्या पडद्याची रचना बदलल्याने लोक अधिक चुका करू लागले, तर ती वाढ दुसऱ्याच रकान्यात दिसेल, कारण मात्र सेवेतील बदलातच असेल.

ही मोजमापे दोन मार्गांनी गोळा होतात. पहिल्या मार्गात ठरावीक अंतराने ठरावीक विनंत्या मुद्दाम पाठवल्या जातात. यांना कृत्रिम चाचणी-विनंत्या म्हणतात. दुसऱ्या मार्गात प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या विनंत्यांचीच नोंद ठेवली जाते. पहिल्या मार्गात परिस्थिती स्थिर असल्याने तुलना स्वच्छ होते, परंतु ज्या वाटेने चाचणी जाते तेवढीच वाट तपासली जाते. दुसऱ्या मार्गात सारे वास्तव येते, आणि त्यासोबत ग्राहकांच्या सवयी, सणासुदीची गर्दी, पगाराचा दिवस आणि कमकुवत मोबाइल नेटवर्क हेही येते. केवळ दुसऱ्या मार्गावर अवलंबून राहिल्यास बदल सेवेत झाला की वापरकर्त्यांत, हे सांगणे कठीण होते.

सांख्यिकीय पाया

या विषयाचा सांख्यिकीय पाया संगणकांच्या आधीचा आहे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये एका टिपणात नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंमध्ये थोडाफार फरक असणारच. त्यांतील नेहमीची चढउतार कोणती आणि काही विशिष्ट कारणाने झालेला बदल कोणता, हे वेगळे करणे हा त्यांचा उद्देश होता. पुढे १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने शूहार्ट भारतात आले आणि त्यांच्या दौऱ्यामुळे येथील उद्योगांत सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाविषयी आस्था वाढली.

नियंत्रण आलेखात सेवा सुरळीत असतानाच्या काळातील सरासरी ही मध्यरेषा धरतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर सीमारेषा आखतात. मापन सीमेबाहेर गेले की इशारा दिला जातो. मापने प्रसामान्य वितरणानुसार आणि परस्पर स्वतंत्र असतील, तर काहीही बिघडलेले नसताना असा इशारा सुमारे ३७० मापनांतून एकदा मिळतो. कारखान्यात तासाला एक मापन घेताना हे प्रमाण सुसह्य होते. संगणकीय सेवा दर पाच मिनिटांनी तपासली तर दिवसाला २८८ मापने होतात, आणि २० वेगवेगळी मोजमापे ठेवली तर केवळ योगायोगाने दिवसाला सरासरी १५-१६ खोटे इशारे मिळतात. पहिले काही दिवस ते तपासले जातात, नंतर कोणी तिकडे पाहत नाही, आणि खरा इशारा त्यांतच बुडून जातो. इशाऱ्यांची संख्या वाढवणे हे म्हणूनच अनेकदा शोधक्षमता घटवण्याचे काम करते.

शूहार्ट यांचा आलेख मोठा, अचानक झालेला बदल चटकन टिपतो. हळूहळू किंवा थोड्याशा झालेल्या घसरणीला तो दाद देत नाही. त्यासाठी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये मांडलेली संचयी बेरजेची पद्धत वापरतात. या पद्धतीत प्रत्येक मापन अपेक्षित मूल्यापासून किती दूर आहे ते पाहून, त्यातून ठरावीक सूट वजा करून, उरलेला फरक साठवत जातात. इकडचेतिकडचे फरक एकमेकांना खोडून काढतात. एकाच दिशेचे लहान लहान फरक मात्र साठत जाऊन मर्यादा ओलांडतात. सरासरी एका प्रमाण विचलनाने सरकली असेल, तर शूहार्ट आलेखाला ती ओळखण्यास सरासरी सुमारे ४४ मापने लागतात. नेहमीच्या मांडणीतील संचयी बेरजेला सुमारे १० पुरतात, आणि त्या मांडणीत खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही वाढत नाही.

संगणकीय सेवांची मापने परस्पर स्वतंत्र क्वचितच असतात, हा या पद्धतींपुढील मोठा अडथळा आहे. सेवा पाच मिनिटांपूर्वी संथ होती, तर ती आताही संथ असण्याची शक्यता अधिक. शिवाय दिवस-रात्र आणि आठवडा यांचे ठळक चक्र असते. त्यामुळे सोमवारी सकाळी दहाच्या मापनाची तुलना रविवारच्या मध्यरात्रीशी न करता मागील काही सोमवारांच्या त्याच वेळेशी केली जाते.

पुरवठादाराची स्वतःची माहिती

बहुतेक मोठे पुरवठादार सेवेची स्थिती दाखवणारा फलक संकेतस्थळावर ठेवतात. त्यावर पूर्णपणे विसंबून राहण्यातील धोका २८ फेब्रुवारी २०१७ रोजी स्पष्ट झाला. त्या दिवशी ॲमेझॉनच्या 'एस३' साठवण सेवेच्या देयक यंत्रणेतील संथपणाचा शोध घेताना एका कर्मचाऱ्याने दिलेल्या आज्ञेत चूक झाली आणि उत्तर व्हर्जिनिया प्रदेशातील ठरवल्यापेक्षा बरेच अधिक सर्व्हर बंद झाले. तेथील 'एस३'वर असंख्य संकेतस्थळे अवलंबून होती, आणि ॲमेझॉनचा स्थितीफलक बदलण्याची व्यवस्थाही त्याच सेवेवर अवलंबून होती. परिणामी अमेरिकेच्या पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ९.३७ ला सुरू झालेल्या बिघाडात ११.३७ पर्यंत फलकावरील सेवांची स्थिती बदलता आली नाही, आणि कंपनीला ट्विटरवरून व फलकाच्या माथ्यावर मजकूर टाकून माहिती द्यावी लागली. ज्या वस्तूचे आरोग्य तपासायचे तिच्यावरच तपासनीस उभा नसावा, हा धडा तेव्हापासून अभियांत्रिकीच्या पाठांत सर्रास दिला जातो. स्वतःची तपासणी-यंत्रणा त्याच पुरवठादाराच्या त्याच प्रदेशात चालवणाऱ्या ग्राहकालाही तो लागू पडतो.

भाषा मॉडेलांचे विशेष प्रश्न

पैसे पोहोचले की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असे असते. निबंध, सारांश किंवा सल्ला देणाऱ्या सेवेचे तसे नसते. त्यातच एकाच प्रश्नाला दर वेळी थोडे वेगळे उत्तर मिळणे हे या सेवांचे सामान्य वर्तन असल्याने कोणता फरक अर्थपूर्ण मानायचा हा प्रश्न उरतोच. यंत्रशिक्षणावर आधारित व्यावसायिक सेवांच्या बदलांचा पद्धतशीर मागोवा घेणाऱ्यांत लिंगजियाओ चेन, मातेई झहारिया आणि जेम्स झू यांचे काम महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० ते २०२२ या काळातील अशा सेवांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरांचा संग्रह प्रसिद्ध केला.

जुलै २०२३ मध्ये या तिघांनी जीपीटी-४ च्या मार्च आणि जून महिन्यांतील आवृत्त्यांची तुलना केली. दिलेली संख्या मूळ संख्या आहे का, या प्रश्नावर मार्चमध्ये ९७.६ टक्के अचूक उत्तरे मिळाली होती, जूनमध्ये हे प्रमाण २.४ टक्क्यांवर आले. मॉडेल 'बिनडोक' झाल्याची चर्चा जगभर झाली. प्रिन्स्टन विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि सयाश कपूर यांनी मात्र चाचणीतील सर्व ५०० संख्या मूळच असल्याकडे लक्ष वेधले. संयुक्त संख्या दिल्यावर दिसून आले की मार्चमधील आवृत्ती जवळजवळ प्रत्येक संख्येला मूळ म्हणत होती आणि जूनमधील आवृत्ती जवळजवळ प्रत्येक संख्येला संयुक्त. पडताळणी दोघींपैकी कोणीच नीट करत नव्हती. म्हणजे बदल खरा आणि प्रचंड होता, पण तो क्षमतेतील घसरण नव्हता. संशोधकांनी नंतर दोन्ही प्रकारच्या संख्या घेऊन केलेल्या चाचणीत मार्चची अचूकता ८४ टक्के आणि जूनची ५१ टक्के आढळली. केवळ नाणेफेक केली असती तरी ५० टक्के मिळाले असते.

त्याच अभ्यासात थेट चालवता येण्याजोग्या प्रोग्रॅमचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरलेले दिसले. याचे मुख्य कारण असे की नवी आवृत्ती प्रोग्रॅमच्या आधी आणि नंतर मांडणीची विशेष चिन्हे घालत होती. वाचणाऱ्या माणसासाठी ती सोय होती, पण उत्तर जसेच्या तसे चालवणारे सॉफ्टवेअर त्यामुळे कोलमडत होते. हा बदल ज्याच्या कामाला अडथळा ठरला त्याच्यासाठी तो बिघाडच होता, आणि मॉडेलच्या बुद्धीविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

नमुन्याचा आकार हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा आहे. १०० प्रश्नांच्या चाचणीत ९० टक्के अचूकता असेल, तर निव्वळ नमुन्याच्या निवडीमुळे येणारी प्रमाण त्रुटी तीन टक्के बिंदूंइतकी असते. पुढील महिन्यात दुसऱ्या १०० प्रश्नांवर ८७ टक्के अचूकता मिळाल्यास त्यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक वेळी १,००० प्रश्न घेतले तर तोच फरक दखल घेण्याजोगा ठरतो. दोन्ही वेळी तेच प्रश्न विचारून, कोणत्या प्रश्नांचे उत्तर बरोबरचे चूक झाले आणि कोणत्यांचे चुकीचे बरोबर, अशी जोडीने तुलना केल्यास कमी प्रश्नांत काम भागते. यासाठी १९४७ मध्ये मांडली गेलेली मॅक्नेमर चाचणी वापरतात.

खुद्द पुरवठादारांनाही अशी घसरण वेळेवर दिसतेच असे नाही. ओपनएआयने २५ एप्रिल २०२५ रोजी जीपीटी-४ओ मध्ये केलेल्या बदलानंतर मॉडेल वापरकर्त्यांची अवाजवी खुशामत करू लागले, आणि काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार आकड्यांत मोजल्या जाणाऱ्या चाचण्यांचे निकाल चांगले होते. काही अनुभवी परीक्षकांना वर्तन किंचित खटकले होते, परंतु खुशामत मोजणारी चाचणीच तेव्हा नव्हती. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अँथ्रॉपिकच्या क्लॉड मॉडेलांच्या उत्तरांचा दर्जा तीन वेगवेगळ्या तांत्रिक दोषांमुळे खालावला. त्यांपैकी एका दोषामुळे सॉनेट ४ मॉडेलला पाठवलेल्या काही विनंत्या चुकीच्या प्रकारच्या सर्व्हरकडे जात होत्या. आरंभी असे प्रमाण ०.८ टक्के होते, पण ३१ ऑगस्टच्या एका तासात ते १६ टक्क्यांवर पोहोचले. एकदा चुकीच्या सर्व्हरकडे गेलेल्या वापरकर्त्याच्या पुढील विनंत्याही तिकडेच जाण्याची शक्यता असल्याने काहींचा अनुभव सतत वाईट, तर इतरांचा उत्तम असे चित्र निर्माण झाले. कंपनीच्या अहवालानुसार तिच्या चाचण्यांत ही घसरण स्पष्ट उमटली नाही, आणि गोपनीयतेच्या नियमांमुळे अभियंत्यांना वापरकर्त्यांची संभाषणे सहज तपासता येत नव्हती. 'पूर्वीसारखे चालत नाही' ही वापरकर्त्यांची ओरड अनेकदा मानसिक भास ठरते. येथे ती खरी निघाली.

चाचणी-संचाची रचना

उपयुक्त चाचणी-संच हा ग्राहकाच्या स्वतःच्या कामातून निवडलेला असतो. सार्वजनिक प्रश्नसंच मॉडेलच्या प्रशिक्षणात आधीच गेलेले असू शकतात, आणि मराठीत तक्रारींचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थेला इंग्रजी गणितांवरील गुणांचा विशेष उपयोग नसतो. केवळ गुण न ठेवता मूळ विनंती, मूळ उत्तर, वेळ आणि सेवेने कळवलेले आवृत्तीचे नाव हे सारे जतन करावे लागते. गुण देण्याचा निकष उद्या बदलला तरी जुनी उत्तरे पुन्हा तपासता येतात. आवृत्तीचे नाव तेच राहिले म्हणजे वर्तनही तेच राहिले, असे गृहीत धरता येत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्व्हरविषयक दोषात मॉडेलचे नाव बदलले नव्हते.

उत्तरांना गुण देण्यासाठी दुसरे भाषा मॉडेल परीक्षक म्हणून नेमण्याची पद्धत सोयीची आहे, मात्र ते मॉडेलही बाह्य सेवाच असेल तर मोजपट्टीच लांबी बदलत राहते. परीक्षकाची आवृत्ती स्थिर ठेवणे आणि माणसांनी तपासलेली काही उत्तरे त्याच्याकडून वेळोवेळी तपासून घेणे हा त्यावरील उपाय आहे. चाचणी-विनंत्या नेहमीच्या विनंत्यांसारख्याच दिसल्या पाहिजेत. चाचणी चालू असल्याचे ओळखून वेगळे वागणारे सॉफ्टवेअर ही काल्पनिक भीती नाही. फोक्सवागनच्या डिझेल मोटारींमध्ये ते होते, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघड केले.

करार आणि नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाविषयी निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर सोपवले तरी जबाबदारी बँकेकडेच राहते आणि पुरवठादाराच्या कामगिरीवर तिने सतत लक्ष ठेवले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. युरोपीय संघात वित्तीय संस्थांसाठी याच स्वरूपाचा 'डोरा' हा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

सेवास्तर करारांत भरपाईची तरतूद असते, पण ती आपोआप मिळतेच असे नाही. ॲमेझॉनच्या 'एस३' सेवेच्या करारानुसार मासिक उपलब्धता ९९.९ टक्क्यांच्या खाली गेल्यास बिलात सवलत मिळू शकते. त्यासाठी ग्राहकाने ठरावीक मुदतीत दावा दाखल करून, त्रुटी दाखवणाऱ्या आपल्या विनंत्यांच्या नोंदी सोबत जोडाव्या लागतात. अशा करारांत उपलब्धतेची व्याख्या बहुधा त्रुटीसंकेतांच्या प्रमाणावर आधारलेली असते. वेळेवर आलेले, पण आशयाने घसरलेले उत्तर त्या व्याख्येत बसत नाही, आणि त्यासाठी कोणतीही भरपाई देय होत नाही.